वाकड्या शेपटीचा मासा

४ मार्च

चिमे,

तुला नि तुझ्या गोतावळ्याला माझे पोटभर आशीर्वाद. आधी एकेकाची हजेरी घेते, मग कामाचं. जावईबापूंची कंबर कशी आहे? दिवसभर बस चालवून घरी आल्यावर पुन्हा खुर्चीतच बसत असतील, तर म्हणावं, जरा पायांनाही कामाला लावा. ढब्बूचा कान दुखायचा राहिला का? थोरलीचा खोकला? आणि तुझे डोळे? अख्ख्या गावाचे चष्मे सरळ करून देतेस नि स्वतःचा मात्र कायम नाकावरून घसरलेला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

माझं विचारशील तर ठणठणीत. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं नि उरलेलं निम्मं मी मनचं भरते, मग भांडणं होतात. पत्र बरं. पुन्हा पुन्हा वाचता येतं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लग्नाला आठ महिने झाले तरी थोरली तुझ्याशी धाकट्याच्या मार्फत बोलते म्हणतेस. "त्यांना सांग, माझी वेणी मी घालेन." "त्यांना विचार, कात्री कुठे आहे." तू समोर उभी, आणि ढब्बू आपला मधला टपालवाला. हसू आलं गं, आणि मग नाही आलं. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. ढब्बू तीन वर्षांचा, त्याला काही आठवत नाही. म्हणजे आईची सगळी आठवण सांभाळायची जबाबदारी त्या एवढ्याशा पोरीवर. दहा वर्षांच्या मुलीला हे नाकापेक्षा मोती जड नाही तर काय?

तेव्हा सहा एप्रिलला ढब्बूच्या वाढदिवसाला बिस्किटं करायचं तुझ्या मनात आलं ते चांगलंच. त्यांची आई करायची, साच्यांचा डबा अजून वरच्या फळीवर आहे, असं जावईबापूंनी सांगितलं ना? मग काढ तो. पण आधी एका रविवारी तालीम कर. आणि मुलांना बरोबर घे. एकटीने करून पुढ्यात ठेवलीस तर ती खातील आणि उठून जातील. पीठ हाताला लागलं की माणूस उठून जात नाही.

आता लिहून घे. अर्धा कप बटर, मऊ पण वितळलेलं नाही. अर्धा कप पिठीसाखर घालून फेस. एका अंड्याचा पिवळा बलक. दीड कप मैदा चाळून, चिमूटभर मीठ. गोळा करून तासभर फ्रिजमध्ये ठेव. इथेच सगळे घाई करतात. पी हळद नि हो गोरी चालत नाही, गार नाही झालं तर बिस्किटं ओव्हनमध्ये पसरून एकमेकांच्या गळ्यात पडतात. दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढं जाड लाट. बारा मिनिटं, कडा सोनेरी दिसल्या की बाहेर. पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखरेत थेंब थेंब दूध नि चिमूटभर खायचा रंग घालून दाटसर कर, कागदाच्या पुडीत भर, टोक कापून दे मुलांच्या हातात.

साचे मात्र नीट बघून घे. गंजले असतील तर घास, वाकले असतील तर सरळ कर. वाकडा साचा पीठ धरून ठेवतो नि बिस्किटाचा कान तुटतो.

आणि सजवताना माझ्या बिस्किटांच्या दुकानातली रीत पाळा. शाळा सुटल्यावर पोरं माझ्या ओट्याशी यायची, तेव्हा नियम असा होता की स्वतःचं बिस्किट स्वतः सजवायचं नाही, दुसऱ्या कुणासाठी तरी सजवायचं, कुणासाठी ते सांगायचं नाही, ताटात ठेवायचं. ज्याचं त्याने ओळखायचं. बघ तर काय होतं.

तुझी,
मावशी


१३ मार्च

मावशी,

सगळे बरे आहेत, म्हणजे अंगाने. यांची कंबर ठीक, ढब्बूचा कान ठीक, थोरलीचा खोकला गेला. माझे डोळे मात्र सुजलेत, पण ते चष्म्याने जाणारं नाही.

तुला सगळं सांगते. रविवारी दुपारी मी पीठ मळलं. ढब्बूने मैदा चाळला, म्हणजे निम्मा भांड्यात आणि निम्मा डोक्यावर. थोरली आधी दाराशीच उभी होती. मग म्हणाली, "त्याला सांग, चाळण हलवायची असते, आपण नाही हलायचं." पाच मिनिटांनी ती ओट्याजवळ. दहा मिनिटांनी लाटणं तिच्या हातात. मावशी, अगं काय सुरेख लाटते! कडेला चमचे ठेवते, म्हणजे जाडी सारखी येते. मी विचारलं, "हे कुठे शिकलीस?" तर ती चक्क माझ्याकडे बघून म्हणाली, "असंच करतात." आठ महिन्यांत पहिल्यांदा मला मधला माणूस न घालता मिळालेले दोन शब्द. मी आतल्या आत उडीच मारली.

साचे मी आदल्या दिवशीच घासून ठेवले होते. चांदणी, चंद्र, घर आणि एक मासा. माशाची शेपूट पार दुमडलेली होती. तुझं पत्र समोर होतं, आणि वाकडी काडी दिसली की माझा हात आपोआप पकडीकडे जातो, दिवसाला तीस चष्मे सरळ करते मी. दुकानातली बारीक पकड घरी आणली आणि अर्धा तास बसून शेपूट अशी सरळ केली की कुणाला कळणार नाही. मला वाटलं, पोरीला आनंद होईल.

पहिला ट्रे बाहेर काढला. ढब्बू टाळ्या पिटायला लागला. थोरलीने मासा बघितला, मग साचा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा बघितला.

"हा कुणी सरळ केला?"

मी म्हटलं, "मी. बघ, आता नवा झाला की नाही?"

तिचा चेहरा... काय सांगू. ढब्बू म्हणाला, "ताई, मासा छान आहे." ती म्हणाली, "हा पोहत नाहीये. हा मेलेला आहे."

ढब्बू घाबरून म्हणाला, "नाही गं, झोपला असेल."

ती साचा घेऊन खोलीत गेली. रंग भरायचे राहिलेच. बिस्किटं तशीच कोरी डब्यात पडली आहेत, कुणी हात लावत नाही.

मग यांच्याकडून कळलं. थोरली चार वर्षांची असताना तिचा पाय त्या साच्यावर पडला होता. ती रडायला लागली, तर तिची आई हसून म्हणाली होती, "अगं वेडे, मोडला नाही, बघ ना, तुझ्या पायाने तो पोहायला लागला!" तेव्हापासून तो पोहणारा मासा. दर वाढदिवसाला. यांना ठाऊक होतं, पण मी पकड घेऊन बसले तेव्हा हे बसवर होते.

मावशी, मी त्यांच्या आईचं हसू सरळ करून टाकलं गं. आता थोरली ढब्बूच्या मार्फतही बोलत नाही. वाढदिवसाला तीन आठवडे आहेत. मी काय करू? नवा साचा आणू?

तुझी,
चिमी


२० मार्च

चिमे,

आधी डोळे पूस, मग वाच. चूक तुझी नाही, माझी आहे. 'वाकले असतील तर सरळ कर' असं लिहिणारी मीच शहाणी. तीस वर्षं दुकान चालवून मला पीठ कळलं, साचे कळले, आणि साचा कुणाचा आहे ते विचारायचं तेवढं राहून गेलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

नवा साचा मुळीच आणू नकोस. ऐक, तुला एक सांगते, तुझ्या आईने तुला सांगितलं नसेल.

मी ओव्हन घेतला तेव्हा मला काही म्हणजे काही येत नव्हतं. मला कोणी शिकवलं नाही, जळक्या बिस्किटांनी शिकवलं. आणि एक ट्रे जळला की तुझे काका ओव्हनमागच्या भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ मारायचे. वर मला ऐकवायचे, "बाईसाहेब, आज आपली आणखी एक पदवी झाली." एकेचाळीस रेघा. ते गेल्यावर महिन्याने मी चार दिवस बाहेरगावी गेले, तर मागे तुझ्या आईने माझं स्वयंपाकघर रंगवून ठेवलं. माझी बहीण, जीव टाकते माझ्यावर. परत आल्यावर लख्ख भिंत बघितली आणि मी तिच्याशी पंधरा दिवस अबोला धरला. बिचारीला कळेना, रंग आवडला नाही की काय! कळलं तेव्हा रडली. पण तिने एक काम शहाणपणाचं केलं. माझी माफी मागितली, आणि स्वतः रेघा मारायला गेली नाही. माझ्या हातात पेन्सिल दिली नि म्हणाली, "तूच मार. कुठे होत्या, कशा होत्या, ते तुला ठाऊक." मी मारल्या. एकेचाळीस की बेचाळीस, कोण मोजायला येतंय!

तेव्हा तू पकड हातात घेऊ नकोस. पकड थोरलीला दे. म्हणावं, "मला माहीत नव्हतं. मी चुकले. शेपूट कशी होती ते तुलाच येईल." एवढंच. पुढे भाषण नको.

अक्षर जरा गचाळ आलंय, हे नवं पेन मेलं ऐकतच नाही.

तुझी,
मावशी


२९ मार्च

मावशी,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. पकड रोज पर्समध्ये घालून घरी आणते आणि रोज सकाळी परत नेते. माफी मात्र मागितली. तिच्या दाराशी उभी राहून म्हटलं, "मला माहीत नव्हतं, मी चुकले." दुसऱ्या दिवशी डब्यातल्या बिस्किटांतली दोन कमी होती. उंदीर म्हणावेत तर उंदीर झाकण परत लावत नाहीत.

पकड द्यायची भीती वाटते. कारण सांगते, हसू नकोस. दुकानात मी रोज बघते, चष्म्याची काडी एकदा वाकली तर सरळ होते, पुन्हा वाकवली की तिथेच तुटते. हा पत्रा तर कागदासारखा पातळ आहे. एकदा तिच्या पायाने वाकला, एकदा माझ्या पकडीने. आता तिसऱ्यांदा तिच्या हातून वाकताना तुटला तर? आज निदान मासा आहे, मेलेला का होईना. तुटला तर तिने आईचा मासा स्वतःच्या हाताने मोडला असं होईल. ते मी तिच्या पदरात कसं टाकू?

आणि आता तू सांग. पेनला नावं ठेवू नकोस. मी दिवसभर लोकांचं लिहिणं-वाचणं बघते. तुझी सगळी अक्षरं डावीकडे कललीत, आणि शाई पुसली गेलीय, जशी डाव्या हाताने लिहिताना पुसली जाते. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. उजव्या हाताला काय झालं?

तुझी,
चिमी


१ एप्रिल

चिमे,

पकडलंस. तुझ्या त्या दुकानात चोर पकडायचं खातंही काढा. सहा मार्चला ओव्हनपाशी पाय घसरला, मनगट मोडलं. प्लास्टर आहे. शेजारीण जेवण देते, दुकानातली मुलगी केस विंचरते. दुखत नाही, म्हणजे दुखतं, पण सांगण्यासारखं नाही. तुला तुझंच इतकं होतं, त्यात माझं कशाला, म्हणून नाही कळवलं.

आता माशाचं. तू म्हणतेस तुटेल. तुटेलही. पण चिमे, लपवून ठेवलेल्या गोष्टीला जपणं म्हणत नाहीत. बघ ना, मी माझं मनगट जपलं म्हणून काय झालं, तुला ते शाईच्या डागातून वाचावं लागलं. तिला सगळं खरं सांग. तुटण्याची भीतीही सांग. आणि मग तिलाच ठरवू दे. तुझ्या हातून सरळ झालेला मासा तिला परका झाला. तिच्या हातून तुटला तरी तो तिचाच राहील.

आणि तू शेजारी बस. बोलू नकोस, पण बस.

जास्त लिहवत नाही. सहा तारखेला मी दिवसभर दाराकडे बघत बसणार आहे, जणू काही तुम्ही येणारच आहात.

तुझी,
मावशी


९ एप्रिल

मावशीआजींना नमस्कार.

मी थोरली. तुमचं मनगट कसं आहे? प्लास्टरवर कुणी चित्र काढलं का? तुमचा दुसरा हात दमला का? दुकानातल्या मुलीला वेणी घालता येते का? बाबांची कंबर बरी आहे. ढब्बू बरा आहे, फक्त सहा वर्षांचा झाल्यापासून मी त्याला ढब्बू म्हटलेलं चालत नाही. मी म्हणतेच. मी पण बरी आहे.

तुम्हाला मी पत्र लिहिते आहे हे घरी माहीत आहे, पण काय लिहिलं ते माहीत नाही. पाकीट मीच चिकटवणार आहे.

पाच तारखेला त्यांनी मला पकड दिली. म्हणाल्या, "शेपूट वाकवताना साचा तुटू शकतो. मला त्याची भीती वाटते. तुला नको असेल तर आपण असाच ठेवू." मग जवळ बसून राहिल्या. मी म्हटलं, मला येतं.

पण मावशीआजी, मला येत नव्हतं. मी पकड धरली आणि मला आठवेचना, शेपूट उजवीकडे वळली होती की डावीकडे. मी डोळे मिटून बघितलं. बिस्किटांवरचा निळा रंग आठवला, आईच्या बांगडीला पीठ लागलेलं आठवलं, पण शेपूट आठवेना. मीच एकटी आहे जिला आठवतं. बाबा म्हणतात, तुझ्या आईचं सगळं तुझ्याकडे आहे. आणि माझ्याकडे नव्हतंच. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. मला रडू आलं, पण आवाज नाही केला.

त्या उठल्या, पर्समधून त्यांचं दुकानातलं भिंग आणलं आणि माझ्या हातात दिलं. बस्स. मी खूप वेळ पत्रा बघितला. मग दिसलं. शेपटीजवळ दोन बारीक रेघा होत्या, केसासारख्या. जिथे पत्रा आधी दुमडला होता तिथल्या. एक थोडी वर, एक थोडी खाली, तिरकी. त्या रेघांवरून कळत होतं, शेपूट डावीकडेच वळली होती, आणि वर.

मी विचारलं, "तुला या रेघा माहीत होत्या?"

ती म्हणाली, "हो. सरळ करतानाच दिसल्या होत्या. पत्रा विसरत नाही."

"मग तूच का नाही वाकवलास?"

"मासा तुझा आहे."

मग मी रेघेवर पकड धरली आणि हळू वाकवलं. ती श्वास धरून बसली होती, मला ऐकू येत होतं. म्हणजे ऐकू येत नव्हतं म्हणून कळलं. टक् असा आवाज झाला. आम्ही दोघींनी एकदमच "अगं!" केलं. तुटला नाही. शेपटीच्या कडेला एक छोटी चीर पडली आहे. आता प्रत्येक माशाच्या शेपटीवर एक बारीक रेघ उठते. ढब्बू म्हणतो ते हाड आहे. मी त्याला सांगितलं, आई म्हणायची हा पोहणारा मासा. त्याने विचारलं, "आई कशी हसायची?" मी हसून दाखवलं. चुकलं असेल थोडं. पण त्याला आवडलं.

सहा तारखेला आम्ही चोवीस मासे केले. पीठ फ्रिजमध्ये पूर्ण एक तास ठेवलं, ढब्बू दर पाच मिनिटांनी फ्रिज उघडून "झालं का रे?" असं पिठालाच विचारत होता. मग तुमची रीत केली, कुणासाठी ते न सांगता सजवायचं. बाबांनी एका माशाला चाकं काढली, आम्हाला वाटलं ठिपके आहेत. ढब्बूने एका माशाला इतका रंग लावला की मासा दिसेना. तो माझ्यासाठी होता. मी खाल्ला.

मी एक मासा निळा केला, आईसारखा. तो मी कुणालाच दिला नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

आणि मी एका माशाला चष्मा काढला. घसरलेला. ताटात ठेवून दिला. तिने खूप वेळ बघितला. मग स्वतःचा चष्मा वर सारला आणि म्हणाली, "याची काडी जरा सैल आहे, सरळ करून देऊ का?" मी म्हटलं, "हात तर लावून बघ!" आणि मग आम्ही इतक्या हसलो की बाबा बघायला आले काय झालं.

मी तिला अजून काही म्हणत नाही. तिनेही म्हण असं म्हटलेलं नाही. पण ढब्बूला आता निरोप सांगायला लागत नाहीत, त्यामुळे तो म्हणतो त्याची नोकरी गेली.

डब्यात सहा मासे पाठवते आहे. एकाला पट्टी बांधलेली आहे, तो कुणासाठी ते तुम्ही ओळखा. टपालात शेपट्या मोडल्या तर चालेल, रेघेवरून जोडून बघा.

ती म्हणाली, तुमचं अक्षर डाव्या हातामुळे वाकडं येतं, म्हणून तुम्ही आता लिहिणार नाही. असं करू नका. मी तुमची सगळी पत्रं वाचली, मला सगळं अक्षर लागलं. लवकर उत्तर पाठवा, वाकडंच.

तुमची,
थोरली